तांबडा तेवढा वसंत

फाल्गुन लागला की आमच्या परिचयातील प्राध्यापक मंडळींच्या मोटारी अमरावतीहून परतवाड्याकडे आणि तेथून चिखलदऱ्याच्या घाटाकडे वळू लागतात. निमित्त असते रानफुलांच्या छायाचित्रणाचे. परतल्यावर जे दाखवले जाते ते आम्ही गेली कित्येक वर्षे मुकाट्याने पाहत आलो आहोत : निळ्या आकाशावर पळसाची एक फांदी, पुन्हा पळस, मग काटेसावर, पुन्हा पळस. खाली ओळ : 'वसंत आला'. यंदा मात्र आमच्याच विभागात असा प्रस्ताव आला की, या सहली अभ्यासक्रमाला जोडाव्यात, कारण छायाचित्रणामुळे साहित्याचा विद्यार्थी निसर्गाच्या जवळ येतो. हा दावा आम्हाला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे सांगणे आता भाग आहे.

प्रथम एक कबुली. आम्ही तिघेही त्या मोटारींत बसलेलो आहोत. 2024 च्या होळीच्या दुसऱ्या दिवशी मेळघाटच्या रस्त्यावर कोरकू बायामुलांच्या घोळक्याने आमची मोटार अडवली आणि फगवा मागितला. गात, नाचत वाटसरूंकडून फगवा मागणे हा तिकडच्या होळीचा भागच आहे. आमच्यापैकी एकाने घाईघाईने दहाची नोट काढली, कारण उजेड उतरत होता आणि पुढच्या वळणावरचा पळस गाठायचा होता. ज्या सणाचा रंग त्या फुलांना उकळून काढीत आले, तो सण वाटेत उभा होता आणि आम्हाला तो अडथळा वाटला. त्या संध्याकाळी आमच्या कॅमेऱ्यात पळसाची एकतीस छायाचित्रे होती, त्या माणसांचे नाव-गाव एकाचेही नव्हते.

दुसऱ्या दिवशीची पहाट तर अधिक लाजिरवाणी. एका गावाबाहेर पळसावर सूर्य यावा म्हणून आम्ही वर पाहत मागे मागे सरकत होतो. टोपली घेतलेल्या एका बाईंनी आम्हाला हटकले, पाय जरा पाहून टाका म्हणाल्या. आम्ही शेजारच्या मोहाच्या झाडाखाली उभे होतो आणि तिची रात्रीतून गळलेली फुले तुडवीत होतो. मोहाचे फूल रात्री उमलते आणि पहाटे गळून पडते. मळकट पांढरे, मांसल, बोराएवढे. ते वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा आधीच साफ केलेला असतो, कधी जाळलेलाही. वेचलेली फुले उन्हात वाळवायची, मग ती खाण्यात येतात, दारूसाठी जातात, विकली जातात. मेळघाटातल्या अनेक घरांची चैत्रातली कमाई या फुलात आहे. आणि वसंताच्या कोणत्याही सहलीच्या कोणत्याही संग्रहात आम्ही मोह पाहिलेला नाही. त्याला रंग नाही, तो फांदीवर डौलाने थांबत नाही आणि त्याची वेळ न्याहारीपूर्वीची आहे.

यावर नेहमीचे उत्तर असे की, दोष कॅमेऱ्याचा नव्हे, हौशी माणसाचा. आम्ही आणखी पुढे जाऊन म्हणतो, दोष मराठीच्या वर्गाचा आहे. तांबडे तेवढेच पाहणारी ही नजर आम्हीच घडवली. वसंत म्हणजे कोकिळा, आम्रमोहर आणि पळस, हे त्रिकूट आम्ही निबंधातून घोटून घेतले, त्याला 'कविसंकेत' असे भारदस्त नाव दिले, आणि उत्तरपत्रिकेत ते दिसले की गुण दिले. संकेताला आमचा विरोध नाही. 'कुमारसंभवा'च्या तिसऱ्या सर्गात कालिदासाला पळसाच्या न उमललेल्या कळ्या बालचंद्रासारख्या वाकड्या आणि वनभूमीच्या अंगावरील नखक्षतांसारख्या दिसतात. कल्पना शृंगारिक आहे, म्हणून वर्गात ती आम्ही भरभर उरकतो. पण ती सुचण्यासाठी कळीचा बाक कोणीतरी जवळून पाहिलेला होता. कालिदासाचा शब्द आम्ही उचलला, त्याचे पाहणे मागे राहिले.

पुरावा आमच्याच वर्गातला. पळसाला पाने किती, असे विचारताच सगळा वर्ग एका आवाजात 'तीन' म्हणाला. (वनस्पतिशास्त्राप्रमाणे ते तीन पर्णिकांचे एकच पान, पण म्हणीला एवढी सूट असावी.) मग श्रावणात आम्ही पळसाची हिरवी डहाळी वर्गात नेली. एकालाही ओळखता आली नाही. फुलांच्या छायाचित्रांत पान नसते, कारण पळस फुलतो तेव्हा झाड बहुधा निष्पर्ण असते. पत्रावळी आणि द्रोण ज्या पानांचे होत आले, ते पान म्हणीत शिल्लक आहे आणि डोळ्यांतून गेले आहे.

हे खूळ आपल्याकडचेच आहे असेही नाही. कॅलिफोर्नियातील लेक एल्सिनोर शहराजवळच्या वॉकर कॅन्यनमध्ये 2019 च्या वसंतात नारिंगी पॉपी फुलल्या, तेव्हा छायाचित्रांसाठी इतकी झुंबड उडाली की माणसे फुलांत शिरून ती तुडवू लागली आणि नगर प्रशासनाला काही काळ वाट बंद करावी लागली. 2023 मध्ये तर बहराआधीच ती जागा बंद ठेवण्यात आली. 'निसर्गाच्या जवळ' जाणे म्हणजे काय, हे तिथे अक्षरशः दिसले.

छायाचित्र निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलसारख्या ठिकाणी स्थळ आणि तारखेसह दिलेले एक साधे छायाचित्र संशोधकाच्या कामी येते. पान, साल, फळ दिसत असेल तर अधिकच. तिथे सुंदर फांदीपेक्षा ओळख पटवणारे पान मोलाचे ठरते. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही शिस्त जड जाईल असे मानण्याचे कारण नाही. दुर्गा भागवतांनी 'ऋतुचक्र'मध्ये महिन्यामागून महिना निसर्ग पाहिला, ते पुस्तक आम्ही शिकवतो, आणि त्यातला एखादाच महिना सहलीसाठी निवडतो, हे विचित्र आहे.

म्हणून आम्ही विभागापुढे प्रतिप्रस्ताव ठेवला. सहल नको. महाविद्यालयाच्या कुंपणाबाहेर एक पळस आहे, त्याचेच छायाचित्र प्रत्येक मराठी महिन्यात एकदा घ्यावे. सोबत तारीख, झाडावर कोणते पक्षी दिसले, त्याचे काय कोण तोडून नेते, आणि नेणारा त्याला काय म्हणतो, एवढे विद्यार्थ्याने लिहावे. बारा छायाचित्रे, बारा नोंदी, गुण वीस. पेट्रोलचा खर्च नाही.

प्रस्ताव अद्याप विचाराधीन आहे. आषाढातला पळस वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर चांगला दिसेल का, अशी पृच्छा तेवढी आली आहे.