अ‍ॅबरफॅनचा झरा अज्ञात नव्हता

१/ ‘दरड कोसळली’ या वाक्यात कर्ता दरड. माणूस कुठेच नाही. म्हणूनच ते सत्ताधाऱ्यांना प्रिय असते. १९६६ साली वेल्समधील अ‍ॅबरफॅन येथे याच व्याकरणाचा आश्रय घेतला गेला.

२/ २१ ऑक्टोबर, सकाळी सव्वानऊचा सुमार. मर्थर व्हेल कोळसाखाणीतील टाकाऊ मालाचा सात क्रमांकाचा ढिगारा डोंगरउतारावरून सुटला आणि पँटग्लास शाळेवर आदळला. मृत १४४, त्यांपैकी ११६ मुले.

३/ नॅशनल कोल बोर्डाचे अध्यक्ष लॉर्ड रोबेन्स यांनी ढिगाऱ्याखालच्या अज्ञात, नैसर्गिक झऱ्याकडे बोट दाखविले. हा दावा खोडायला भूगर्भशास्त्रज्ञही लागत नाही. जुने नकाशे पुरेत. त्या उतारावरचे पाणी त्यांत दाखविलेले होते आणि गावकऱ्यांनाही ते ठाऊक होते. १९५८ पासून माल नेमका तिथेच ओतला गेला. असा सैल, बारीक माल पाण्याने भरला की कणांमधील पाण्याचा दाब वाढतो, घर्षण सरते आणि ढीग द्रवासारखा वाहू लागतो. पाऊस झाला होता, हे खरे. पण वेल्सला पाऊस का नवा होता?

४/ बचाव असा केला जातो की, हे शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. कार्ल तेर्झागी यांचा मृदायांत्रिकीवरील पायाभूत ग्रंथ १९२५ चा आहे! शास्त्र सोडा. त्याच डोंगरावरचा चौथा ढिगारा १९४४ मध्ये घसरला होता, खुद्द सातवा १९६३ मध्ये. त्याच वर्षी स्थानिक नगरपालिकेच्या अभियंत्याने शाळेमागे ओतल्या जाणाऱ्या कोळशाच्या गाळाचा धोका पत्राने कळविला होता. असे पत्र दप्तरात असताना ‘नैसर्गिक आपत्ती’ लिहिणे ही इतिहासलेखकाची शुद्ध कामचुकारी होय.

५/ एडमंड डेव्हिस यांच्या न्यायाधिकरणाने ७६ दिवस सुनावणी घेतली. १९६७ च्या अहवालात दोष बोर्डावर ठेवला गेला. ढिगाऱ्यांबाबत बोर्डाचे काही धोरणच नव्हते. तरीही ना कुणावर खटला, ना कुणाची नोकरी गेली.

६/ डोंगरावरचे उरलेले ढिगारे हटविण्यासाठीही गावाला झगडावे लागले. १९६८ मध्ये त्या खर्चापोटी दीड लाख पौंड घेतले गेले ते मृतांच्या कुटुंबांसाठी जगभरातून जमलेल्या मदतनिधीतून. ती रक्कम १९९७ मध्ये परत मिळाली, व्याजाविना.