साडेचार तासांचा हिशेब

गेल्या महिन्यात कराडजवळच्या एका गावी आम्ही आमच्या फुफांना भेटायला गेलो होतो. त्यांना लकवा होऊन सात आठवडे झाले होते. हकीकत फुफूंनीच सांगितली. त्या दिवशी फुफा फजरची नमाज मशिदीत पढून आले. सातच्या सुमारास चहा पिताना कप हातातून निसटला. उजवा हात लुळा, तोंड एका बाजूला वाकडे, शब्द जड. शेजारचे म्हणाले, "वारं गेलंय." गरम तेलाने मालिश झाली. कुणी कबुतराचे रक्त चोळायला सांगितले. फुफूंनी जपून ठेवलेले जमजम चमच्याने तोंडात घातले, तर जोराचा ठसका लागला. दहा वाजता गावातल्या डॉक्टरांनी पाहिले आणि लगेच मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले. पहिल्या दवाखान्यात सिटी स्कॅनचे मशीन होते, ते चालवणारा माणूस नव्हता. दुसरीकडे पोहोचायला साडेबारा वाजले. तिथे सांगितले, इंजेक्शनची वेळ निघून गेली.

यात कुणी हयगय केली असे आम्ही म्हणणार नाही. सगळे घर धावत होते. पण कुठे धावायचे ते ठाऊक नव्हते.

लकवा मेंदूचा आजार आहे, हातापायाचा नाही. बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, काही वेळा वाहिनी फुटून रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, फरक सिटी स्कॅनमध्ये कळतो. म्हणून घरी अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही आणि बीपी उतरवायची गोळी जिभेखाली ठेवायची नाही. गुठळी असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत देता येते, आणि जितके लवकर तितका फायदा जास्त. मोठी वाहिनी बंद झाली की दर मिनिटाला सुमारे 19 लाख पेशी मरतात. फुफांचे घड्याळ सातला सुरू झाले, साडेअकराला संपले. तेल आणि कबुतरातच त्यातले तीन तास गेले.

झोपेतून उठल्यावर लकवा दिसला तर वेळ उठल्यापासून नव्हे, माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून धरतात. डॉक्टर हाच प्रश्न आधी विचारतात, तेव्हा उत्तर तयार असावे. उशीर झाला तरी घरी थांबू नये. काही रुग्णांची गुठळी तार घालून काढता येते, आणि निवडक रुग्णांत हे 24 तासांपर्यंत करतात.

आपल्या भागात दवाखान्यांची वाण नाही. डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय काढले, तेव्हापासून ते गाव दवाखान्यांचेच झाले आहे. मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सांगलीला वसंतदादा पाटील रुग्णालय, कराडला कृष्णा, साताऱ्याला क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय. पण मोठे नाव ऐकून निघू नका. आजच, सगळे ठीक असताना, जवळच्या दोन-तीन दवाखान्यांना फोन करा. रात्री सिटी स्कॅन होतो का? लकव्याचे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता का? "हो" म्हणतील त्यांचा नंबर 108 च्या शेजारी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड एका पिशवीत ठेवा. दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटून महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते का ते विचारा. लाजायचे काही कारण नाही.

आता पाण्याचे. लकव्यात गिळण्याची ताकद जाते. तोंडातले पाणी श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो. फुफांना तो झाला, आणि दवाखान्यातले नऊ दिवस त्यातच गेले. डॉक्टरांनी गिळण्याची तपासणी करेपर्यंत पाणी, मध, चहा काहीही देऊ नये. जमजमसुद्धा नाही. दुआ उशाशी बसून करता येते.

घरी आल्यावरची गोष्ट लांबलचक आहे. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत फिजिओथेरपीवाल्याचे पैसे परवडेनात म्हणून घरे ती बंद करतात. फुफूंनी तसे केले नाही. त्या आठवड्यातून दोनदा त्याला बोलावतात, त्याने दाखवलेला व्यायाम रोज सकाळ-संध्याकाळ स्वतः करून घेतात. लुळा हात धरून माणसाला उठवायचे नाही, खांदा निखळतो, हे त्या पाहुण्यांनाही बजावतात. वुजू डाव्या हाताने, नमाज खुर्चीवर. फुफा मधेच रडतात. ते नाटक नव्हे, आजारच तसा आहे. गरज पडली तर त्यावरही औषध मिळते. सुनेची मात्र कंबर धरली आहे. तिच्याकडे कुणी पाहात नाही, हे आम्ही तिथेच बोललो. तेव्हा धाकट्या मुलाने अंघोळ घालायचे काम आपल्याकडे घेतले.

फुफांच्या बीपीच्या गोळ्या दोन महिने बंद होत्या. बरे वाटत होते म्हणून. हे ऐकून आम्ही घरातल्या मशीनवर त्यांच्या धाकट्या भावाचे बीपी पाहिले: 170 वर 100. दहा मिनिटांनी पुन्हा पाहिले, तेवढेच. त्यांच्याही गोळ्या रमजानमध्ये सुटल्या होत्या, पुन्हा सुरूच झाल्या नाहीत. सहरी आणि इफ्तारला गोळ्या कशा बसवायच्या ते डॉक्टरांना विचारायचे राहून गेले, म्हणाले. सोमवारी दाखवतो म्हणाले. तो सोमवार गेला. काल आम्ही फोन केला, तर ते शेतावर गेले होते.