श्वास द्या, आंधळी सही देऊ नका!

दारू पिऊन गाडी हाकणाऱ्याची वकिली करण्यासाठी आम्ही आज लेखणी उचललेली नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. २००६ सालच्या नोव्हेंबरात मुंबईच्या कार्टर रोडवर पदपथावर निजलेल्या सात मजुरांचा एका भरधाव मोटारीखाली चुराडा झाला. चालकाने मद्य घेतलेले होते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाबद्दलची त्याची शिक्षा कायम केली. दिवसभर राबून रस्त्याच्या कडेला पाठ टेकणाऱ्या त्या सात जीवांची ज्याला आठवण आहे, त्याच्या तोंडून मद्यधुंद चालकाबद्दल मवाळ शब्द निघणार नाही.

परंतु गुन्ह्याचा तिटकारा ही एक गोष्ट आणि आरोप झालेल्या माणसाला माणसातून उठवणे ही दुसरी. "दारुड्याला कसले आले हक्क?" असा प्रश्न आमच्या गावांतील पुष्कळ सुशिक्षितही छातीठोकपणे विचारतात. त्यांना आमचा उलट प्रश्न आहे : तो दारुडा आहे की नाही, हेच तर ठरायचे आहे ना? मग ते ठरवणार कोण? नाक्यावरच्या शिपायाचे नाक? कायद्याने हे काम नाकावर सोपवलेले नाही. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाने त्यासाठी आकडा घालून दिला आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क चाचणीत आढळला, तर गुन्हा. हा आकडा चालकावर जसा बंधनकारक आहे, तसाच त्याला अडवणाऱ्यावरही आहे.

येथेच काही अतिशहाणे सल्लागार पुढे सरसावतात. "यंत्रात फुंकूच नकोस, घटनेने मौनाचा हक्क दिला आहे," असे ते सांगतात. हा सल्ला घातक आहे. घटनेच्या २० व्या अनुच्छेदाने कोणाही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, हे खरे. पण ते संरक्षण जिभेला आहे. बोटांचे ठसे, हस्ताक्षराचे नमुने यांना ते लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच सांगून ठेवले आहे. त्यातून मोटार वाहन कायद्याचे २०३ वे कलम गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याला श्वासाची चाचणी मागण्याचा अधिकार देते. सबळ कारण नसता नकार द्याल, तर संशयावरून अटक होऊ शकते आणि तो नकार खटल्यात तुमच्याच विरुद्ध उभा राहतो. तेव्हा श्वास द्या. यंत्राने दाखवलेला आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा आणि त्याची नोंद मागा. "कोठून आलात, कोणाबरोबर बसला होता, किती प्यालात?" या प्रश्नांवर मात्र स्वतःला गोवणारे उत्तर देण्याची सक्ती तुमच्यावर नाही.

आता जे कलम प्रत्येक रिक्षाचालकाने आणि ट्रकचालकाने तोंडपाठ करावे, ते सांगतो. ते आहे २०२ वे. मद्यपान करून गाडी चालवताना पोलिसाने जागीच, वॉरंटावाचून अटक केली, तर अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झालीच पाहिजे. न झाल्यास त्या माणसाला कोठडीतून सोडलेच पाहिजे. म्हणून अटक होताच पहिली गोष्ट घड्याळ पाहावे आणि ती वेळ कागदावर आली आहे की नाही, हे पाहावे. महिलेच्या रक्ताचा नमुना पुरुष डॉक्टर घेणार असेल, तर तेथे दुसरी महिला हजर असणे आवश्यक आहे. वैद्यकीय अहवालाची प्रत मिळणे हाही अटक झालेल्याचा हक्क आहे.

दुसरा रोग तोडपाणीचा. "साहेब, इथेच मिटवू," हे वाक्य आमच्या रस्त्यांवर मंत्रासारखे म्हटले जाते. वाचकहो, नीट ध्यानात घ्या. इतर कित्येक वाहतूक गुन्ह्यांत जागेवर तडजोड शुल्क भरून सुटता येते. या गुन्ह्यात तशी सोयच नाही. येथे न्यायालयाची पायरी चढावीच लागते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. म्हणजे नाक्यावर जे पैसे मोजले जातात, ते सरकारी तिजोरीत जात नाहीत, कोणाच्या तरी खिशात जातात. देणाऱ्याने गुन्हा धुतला नाही, एका गुन्ह्यावर लाचेचा दुसरा चढवला!

तिसरा रोग भीतीचा. ठाण्याच्या पायऱ्या चढताच आमच्या माणसाचे पाय लटपटू लागतात. का? घटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने अटकेचे कारण कळण्याचा, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे राहण्याचा हक्क त्याला दिलेला आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता सांगते, की अटकेची खबर नातेवाइकाला किंवा मित्राला दिलीच पाहिजे. १८५ व्या कलमाखालील गुन्हा जामीनपात्र आहे. तेथे जामीन ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. कोणी दगावले असेल आणि सदोष मनुष्यवधाचे कलम लागले, तर मात्र गोष्ट निराळी. आणि वकिलाला द्यायला पैसे नसतील तर? कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. १५१०० हा त्याचा दूरध्वनी क्रमांक घराघरात भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे.

आता सहीचे पाहू. बेळगाव-निपाणीच्या ठाण्यात कागद कन्नडमध्ये तयार होतो. गोव्यात तो बहुधा इंग्रजीत असतो. आमचा माणूस मान डोलावतो, दाखवतील तेथे सही ठोकतो आणि घरी येऊन विचारतो, "काय लिहिलं होतं हो त्यात?" कन्नड ही आमच्या शेजाऱ्यांची मातृभाषा आहे, तिच्याशी आमचे वैर नाही. प्रश्न एका भाषेचा नाहीच. खुद्द महाराष्ट्रात इंग्रजी न जाणणाऱ्या एका नागरिकाला स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत दिली गेली, तेव्हा १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती स्थानबद्धता रद्द ठरवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने हे तत्त्व सर्व अटकांना लागू केले. अटकेची कारणे लेखी, आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत. तत्काळ शक्य नसेल, तर तोंडी सांगून नंतर दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी तो कागद हाती पडला पाहिजे.

तेव्हा "मला मराठीत द्या" ही याचना नव्हे, कायदेशीर मागणी आहे. अटकेच्या पंचनाम्यावर तुमची सही लागते. ती वाचून, समजून, वेळ ताडून करा. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर तर जबाब देणाऱ्याची सही घेण्यासच कायद्याची मनाई आहे. आणि कोऱ्या कागदावर सही? ती कोणत्याही भाषेत आत्मघातच!

२०२५ चा तो निर्णय जुलै २०२४ मधील वरळीच्या अपघातातून निघाला. महागड्या मोटारीची धडक बसून स्कूटरवरील एका महिलेचा जीव गेला, आणि अटक झालेल्या तरुणाने अटकेची कारणे लेखी मिळाली नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालय गाठले. त्याने ते गाठले यात वावगे काही नाही. हक्क सर्वांचा आहे. आमचा संताप वेगळाच आहे. महागड्या मोटारीसाठी दिल्लीपर्यंत वकील धावतात, आणि त्यांनी मिळवलेला न्याय आमच्या रिक्षावाल्याच्या कानापर्यंतही पोचत नाही! कायदा सर्वांना सारखा असतो, असे म्हणतात. तो माहीत असणे सारखे नसेल, तर ती समता कागदावरच राहणार.

म्हणून रिक्षा थांब्यांवर, गणेश मंडळांत, वाचनालयांच्या फळ्यांवर हे हक्क मराठीत लागले पाहिजेत. त्यांच्याच शेजारी आणखी एक ओळ मोठ्या अक्षरांत लिहा : प्यायलात, तर चावी दुसऱ्याच्या हाती द्या. रस्त्यावर चालणाऱ्याचा जगण्याचा हक्क हा या सर्व हक्कांच्या आधीचा आहे. तो ज्याने पाळला, त्यानेच ठाण्यात ताठ मानेने उभे राहावे आणि शांतपणे म्हणावे, "साहेब, श्वास घ्या, पण कागद आधी मला कळेल अशा भाषेत द्या."