संग्रह आणि उपभोग

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली, तेव्हां पुण्यास शिकणारा आमचा पुतण्या घरींच अडकला. त्याच्या संगणकावर ‘स्टीम’च्या सवलतींत स्वस्त मिळाले म्हणून घेतलेले चाळीस खेळ होते, खेळून पुरे केलेले अवघे तीन! आम्हीं मास्तरकीच्या संवयीनें उपदेश आरंभिला. त्यानें निमूटपणें आमचें पुस्तकांचें कपाट उघडलें. “काका, यांतलीं वाचलेलीं किती?” कित्येकांत दुकानदाराची पावती तशीच होती. आम्ही वरमलों.

करार ठरला: नवें कांहीं घ्यावयाचें नाहीं, आणि एक पुरें झाल्यावांचून दुसऱ्यास हात लावावयाचा नाहीं.

त्यानें २००७ सालचा ‘पोर्टल’ काढला. त्यांत बंद खोलींतून सुटावयाचें असतें. भिंतींवर दोन द्वारें निर्मावीं, एकांतून शिरावें, दुसऱ्यांतून निघावें. आम्हीं दण्डीचें ‘दशकुमारचरित’ काढलें. त्याच्या सातव्या उच्छ्वासांत कथा सांगणाऱ्या मंत्रगुप्ताचा ओठ दुखावलेला. म्हणून प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण तेथें वर्ज्य! हें ऐकून पुतण्या म्हणाला, “म्हणजे हेंहि कोडेंच कीं!”

त्या रात्रीं प्रथमच आम्ही दोघे एकमेकांचें ऐकत बसलों. वाचकहो, संग्रहानें वस्तु आपली होत नाहीं. ती उघडावी लागते. आपल्या कपाटांत काय पडून आहे?