हवा किती भरावी?

सायकलच्या चाकात हवा किती भरावी, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे अंगठाच देतो. टायर दाबून पाहावा. तो दबला नाही की हवा ठीक, अशी सर्वांची समजूत. गुळगुळीत डांबरी रस्त्यावर ही समजूत फारशी नडत नाही. परंतु माळरानाच्या आणि डोंगराच्या वाटेवर ती घातक ठरते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या मताची किंमत आम्ही मोजली आहे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही चौघे मित्र बेळगावहून येळ्ळूरच्या राजहंसगडाकडे निघालो. निघताना चाके दगडासारखी टणक करून घेतली. परतताना एका मुरमाड उतारावर पुढचे चाक खड्यांवरून उसळले, घसरले, आणि आमच्यापैकी एकाच्या कोपरास पाच टाके पडले.

वस्तुतः चाकात हवा आली ती कशासाठी? भरीव रबरी चाकांचे हादरे आपल्या मुलाच्या तीनचाकीस बसू नयेत, म्हणून बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेचा टायर बनविला व 1888 साली त्याचे पेटंट घेतले. तोच टायर हवेने ठासून भरून पुन्हा भरीव करणे, हा शहाणपणा नव्हे. किंचित मऊ टायर खड्याभोवती दबतो. त्याचा अधिक भाग जमिनीस टेकतो व पकड वाढते. टणक टायर मात्र प्रत्येक खड्यावरून उडतो.

दोन ते सव्वादोन इंच रुंदीच्या टायरला, स्वार मध्यम वजनाचा असल्यास, कच्च्या वाटेवर चौरस इंचास 25 ते 30 पौंड हवा बहुधा पुरते. मागच्या चाकावर भार अधिक, म्हणून तेथे दोन-तीन पौंड जास्त असावी. अर्थात अतिरेक येथेही वाईट. हवा फार कमी झाली तर दगड व रिम यांच्यामध्ये ट्यूब चेंगरून फाटते. टायरच्या कडेवर छापलेली मर्यादा तर कधीच ओलांडू नये.

टायरची निवडही वाटेप्रमाणेच करावी. घट्ट, कोरड्या मातीवर ठेंगण्या व दाट उंचवट्यांचा टायर वेगाने धावतो. चिखलात उंच व विरळ उंचवटे हवेत, म्हणजे मध्ये अडकलेली माती झडून जाते. खडकाळ वाटेवर रुंद, जाड कडांचा टायर टिकतो. दोन-तीन जोड घेणे आपणांपैकी बहुतेकांस परवडणारे नाही, हे आम्ही जाणतो. अशांनी मध्यम उंचवट्यांचा एकच जोड घ्यावा. हवा कमी-अधिक करण्यास तर पैही लागत नाही!

म्हणून आमची सूचना अशी की, शाळेच्या सायकलतळावर दाब दाखविणारा एक पंप ठेवावा. त्याचा खर्च टाके घालण्याच्या खर्चाहून खचित जड होणार नाही. आणि विद्यार्थिमित्रांनो, वाट बदलली की क्षणभर थांबून चाकाकडे पाहा. जमीन आपल्यासाठी बदलत नाही. तिच्याशी जुळवून घ्यावे लागते ते आपणांसच.