रिकाम्या स्टेडियमचं बिल कोण भरतं?



मागच्या नोव्हेंबरमध्ये माझ्या मावसभावाने अमेरिकेतून एक फोटो पाठवला. तो ओहायोमधल्या एका सरकारी युनिव्हर्सिटीत मास्टर्स करतोय. एज्युकेशन लोन काढून गेलाय, मावशीच्या घराचे कागद बँकेत आहेत. फोटोत रात्रीचं स्टेडियम होतं. दिवे झगमगतायत, बँड उभा आहे, मैदानात हेल्मेट घातलेली पोरं, आणि मागचे स्टँड जवळजवळ रिकामे. खाली त्याने लिहिलं होतं, "दादा, आपल्याकडे जत्रेतल्या कुस्त्यांना याच्यापेक्षा जास्त माणसं असतात."

दुसऱ्या दिवशी त्याने फीचं बिल पाठवलं. ट्यूशन फीच्या खाली 'जनरल फी' अशी एक ओळ होती. त्यातला एक वाटा खेळाच्या विभागाला जातो. म्हणजे जी मॅच बघायला हा पठ्ठ्या एकदाच, तेही थंडीत कुडकुडत गेला, तिचे पैसे तो दर सेमिस्टरला भरतोय. तेही कर्जाऊ आणलेले पैसे, व्याजासकट.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलशी आपला काय संबंध? संबंध आहे. कारण हीच चूक मी माझ्या दुकानात केली होती, आणि तुमच्यापैकी बरेच जण आत्ता करत असतील.

आधी धंदा समजून घेऊ

हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही. लांबुळका चेंडू, हेल्मेट, धडकाधडकी, तो अमेरिकन फुटबॉल. तिथे कॉलेजच्या टीम म्हणजे मोठा बाजार आहे. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या स्टेडियमची क्षमता 1,07,601 आहे. मिशिगन ज्या 'बिग टेन' गटात खेळते, त्या गटाने 2022 मध्ये टीव्ही कंपन्यांशी 7 वर्षांचा करार केला, 700 कोटी डॉलरच्या वरचा.

पण सगळ्यात वरच्या पातळीवर, म्हणजे एफबीएसमध्ये, सव्वाशेहून जास्त टीम आहेत. मिशिगनसारख्या थोड्याच. बाकीच्या आपल्या वसतिगृहाच्या पोरांसारख्या, श्रीमंत मित्राच्या ग्रुपमध्ये हॉटेलात गेलेल्या. बिल आलं की खिसा चाचपायचा.

कॉलेज खेळांचा कारभार बघणाऱ्या एनसीएएचा जुना नियम होता की या पातळीवर राहायचं तर घरच्या मॅचला सरासरी 15,000 प्रेक्षक दाखवायचे, निदान दोन वर्षांतून एकदा. मग काही ठिकाणी काय व्हायचं? स्पॉन्सरला स्वस्तात गठ्ठ्याने तिकिटं विकायची आणि कागदावर आकडा पुरा करायचा. खुर्ची रिकामी, रजिस्टर भरलेलं. 2023 मध्ये हा नियमच काढून टाकला. त्याच वेळी खालून वरच्या पातळीवर येण्याची फी 5,000 डॉलरवरून थेट 50 लाख डॉलर केली. म्हणजे गर्दी नसली तरी चालेल, पण आत यायचं तर खिसा मोठा पाहिजे.

गल्ल्यात पैसे येतात कुठून?

लहान टीमच्या गल्ल्यात चार वाटांनी पैसे येतात. पहिली वाट तिकिटांची. ती किती अरुंद आहे ते फोटोत दिसलंच.

दुसरी टीव्हीची. मिड-अमेरिकन नावाच्या गटातल्या टीम नोव्हेंबरमध्ये मंगळवारी-बुधवारी रात्री खेळतात. का? शनिवारी टीव्हीवर मोठ्या टीमची गर्दी असते, आठवड्याच्या मधल्या रात्री चॅनेल मोकळं असतं. पण बोचऱ्या थंडीत, दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असताना स्टेडियमला कोण येणार? मावसभावाने फोटो काढला तो मंगळवारच होता. टीव्हीवर दिसायचं म्हणून दारातलं गिऱ्हाईक सोडलं, असा हा सौदा.

तिसरी वाट मला सगळ्यात रंजक वाटते. मोठी टीम लहान टीमला पैसे देऊन आपल्या मैदानावर बोलावते. मोठ्याला घरच्या मैदानावर सोपा विजय आणि भरलेलं स्टेडियम मिळतं, लहानाला चेक मिळतो. थोडक्यात, हरायची मजुरी. कधीकधी उलटंही होतं. 2007 मध्ये ॲपलाचियन स्टेट 4 लाख डॉलर घेऊन मिशिगनला गेली आणि 34-32 जिंकून आली. 2024 मध्ये नॉर्दर्न इलिनॉयने 14 लाख डॉलर घेतले आणि नोट्रे डेमला 16-14 हरवलं. ऐकायला भारी वाटतं. पण धंदेवाईक नजरेने बघा. तुमच्या वर्षाच्या बजेटचा मोठा तुकडा एका गिऱ्हाइकाच्या एका चेकवर टेकलेला आहे, आणि ते गिऱ्हाईक तुम्हाला बोलावतं ते तुम्ही कच्चे आहात म्हणून.

चौथी वाट म्हणजे स्वतः कॉलेज. विद्यार्थ्यांची फी आणि युनिव्हर्सिटीच्या तिजोरीतून दिलेली मदत. बऱ्याच लहान सरकारी कॉलेजांत हीच सगळ्यात रुंद वाट आहे. खरं दुखणं इथे आहे.

आता माझं ऐका

कराडला आमचं स्टेशनरी आणि खेळाच्या सामानाचं दुकान आहे, अण्णांनी सुरू केलेलं. बीबीए करून आल्यावर मला वाटायला लागलं की आपण मोठं व्हायला पाहिजे. 2018 ला पुण्यात एका मॉलमध्ये गाळा घेतला. काचेचा दरवाजा, एसी, टी-शर्ट घातलेली दोन पोरं. शेजारी ब्रँडेड शोरूम. लोक त्या शोरूमला यायचे, जाताना आमच्या काचेत बघून केस नीट करायचे आणि पुढे जायचे.

महिन्याचं भाडं 85,000. विक्रीतून भाडंसुद्धा सुटायचं नाही. कमी पडले की मी कराडच्या गल्ल्यातून उचलायचो आणि वहीत 'उसने' लिहायचो. 14 महिन्यांत ते 'उसने' 11 लाख 40 हजार झाले. त्या जूनमध्ये, ऐन शाळेच्या सीझनला, कराडच्या दुकानात वह्यांचा माल कमी पडला, कारण माल भरायचे पैसे पुण्याच्या भाड्यात गेले होते. वीस वर्षांची गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली. कामाला असलेल्या काकांचा पगार दोनदा लांबला, ते एका शब्दाने बोलले नाहीत.

एका रात्री अण्णा वही घेऊन बसले. म्हणाले, "पुण्याच्या दुकानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण आहे, सांगू? आपलं कराडचं दुकान."

बीबीएच्या तीन वर्षांत मला कोणी एवढं स्वच्छ सांगितलं नव्हतं.

बर्मिंगहॅमची दोन कॉलेजं

आता अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात चला. तिथल्या सरकारी युनिव्हर्सिटीने, यूएबीने, डिसेंबर 2014 मध्ये फुटबॉल बंद केला. हिशोब असा मांडला होता की खेळ विभागाचं बजेट वर्षाला सुमारे 3 कोटी डॉलर आणि त्यातले सुमारे 2 कोटी युनिव्हर्सिटीच देते. माझ्या पुण्याच्या गाळ्यासारखंच.

पण पुढे काय झालं? शहर खवळलं. खेळाडू रडले, माजी विद्यार्थी, उद्योजक, चाहते पुढे आले आणि नुसते ओरडले नाहीत, पैसे कबूल केले. जून 2015 मध्ये फुटबॉल परत आणायचं ठरलं. 2017 ला टीम मैदानात उतरली आणि पहिल्याच सीझनला 8 मॅच जिंकली. 2018 ला गटाचं विजेतेपद. 2021 ला शहरात नवं स्टेडियम.

बरेच जण ही गोष्ट "हार मानू नका" म्हणून सांगतात. मी वेगळी सांगतो. दुकान बंद झालं तेव्हा कळलं की खरं गिऱ्हाईक कोण आहे आणि ते खिशात हात घालतं का. यूएबीच्या बाबतीत घातला. सगळ्यांच्या बाबतीत घालतील असं नाही.

त्याच शहरात बर्मिंगहॅम-सदर्न नावाचं छोटं खासगी कॉलेज होतं. वरची पातळी सोडून ते तिसऱ्या पातळीवर उतरलं आणि 2007 पासून तिथे फुटबॉल खेळू लागलं. या पातळीवर खेळाची स्कॉलरशिप नसते. खेळाडू फी भरून शिकतो आणि खेळतो. इथे हिशोबच वेगळा आहे. समजा 100 पोरं फुटबॉलसाठी म्हणून कॉलेजला आली आणि प्रत्येकाकडून सगळ्या सवलती जाऊन 20,000 डॉलर हातात पडले, तर झाले 20 लाख डॉलर. स्टँडमध्ये 500 माणसं असोत की 50, फरक पडत नाही. कारण इथे गिऱ्हाईक मैदानात उभं आहे. अमेरिकेतल्या अनेक छोट्या कॉलेजांनी याच हिशोबाने फुटबॉल नव्याने सुरू केला.

पण हा मंत्रसुद्धा सगळीकडे चालत नाही. मूळ कॉलेजचाच ताळेबंद बिघडलेला होता, आणि बर्मिंगहॅम-सदर्न मे 2024 अखेर कायमचं बंद झालं. मुख्य दुकान पोखरलेलं असेल तर बाजूचा चालू काउंटर त्याला किती दिवस धरून ठेवणार? वर, 2008 च्या मंदीनंतर तिथला जन्मदर घसरला, त्यामुळे कॉलेजला जाणारी पोरंच यापुढे कमी होणार आहेत.

पुढची वर्षं अजून अवघड का?

6 जून 2025 ला तिथल्या कोर्टाने एक मोठी तडजोड मंजूर केली. आता कॉलेज खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. जुन्या खेळाडूंची सुमारे 280 कोटी डॉलरची भरपाई 10 वर्षांत द्यायची आहे, आणि त्यासाठी एनसीएएकडून कॉलेजांना जाणाऱ्या वाटपातही कात्री लागली आहे. लहान कॉलेजांच्या वाट्यालासुद्धा. खेळाडूला पैसे मिळणं मला योग्यच वाटतं, घाम त्याचा आहे. पण लहान टीमचं काय होणार? तिने पोरगा घडवायचा आणि तो तयार झाला की मोठी टीम जास्त पैसे देऊन नेणार. दुकानात पोरगा शिकवून तयार करावा आणि समोरच्याने पळवावा, तसं.

तो मजुरीचा चेकही आता भरवशाचा नाही. एसईसी या दुसऱ्या मोठ्या गटाने 2026 पासून आपसात 9 मॅच खेळायचं ठरवलंय, बिग टेन आधीपासून 9 खेळते. पाहुण्यांसाठी जागा कमी झाल्या.

माझं मत

लहान कॉलेजचा फुटबॉल मरणार नाही. पण मोठ्यांची नक्कल करणारा आणि तिचं बिल विद्यार्थ्यांच्या फीत लपवणारा फुटबॉल टिकू नये, असं मला वाटतं. त्या कॉलेजांनी एक पायरी खाली यावं.

आयडाहो युनिव्हर्सिटीने ते केलं. 2018 मध्ये ती स्वतःहून सगळ्यात वरची पातळी सोडून खालच्या एफसीएसमध्ये गेली. तिचं स्टेडियम सुमारे 16,000 क्षमतेचं. लोक हसले. पण तिथे शेजारच्या राज्यांतले जुने प्रतिस्पर्धी भेटले, प्रवास आटोक्यात आला, आणि 2022, 2023, 2024 असं सलग तीन वर्षं आयडाहो बाद फेरीत खेळली. आपल्या मापाचा सदरा घातला की चालायला सोपं जातं.

समोरची बाजूही सांगतो, कारण ती खोटी नाही. लोक म्हणतात, फुटबॉल ही कॉलेजची जाहिरात आहे. मिशिगनला हरवल्यावर ॲपलाचियन स्टेटचं नाव देशभर झालं, हे खरं. पण जाहिरात असेल तर तिला जाहिरातीसारखं मोजा. किती खर्च केला, किती विद्यार्थी त्यामुळे आले, किती देणग्या आल्या. आणि फीच्या बिलावर स्पष्ट छापा, 'फुटबॉलसाठी एवढे डॉलर'. विद्यार्थ्यांनी ते बघून हो म्हटलं तर खुशाल खेळा. माझ्या मावसभावाला कोणी विचारलं नव्हतं. मीही कामाच्या काकांना विचारलं नव्हतं की तुमचा पगार पुण्याच्या एसीला देऊ का?

पुण्याचा गाळा मी बंद केला. डिपॉझिटमधले पैसे कापून गेले, फर्निचर भंगाराच्या भावात गेलं, नातेवाईकांनी दोन वर्षं विषय काढला. आज माझं दुसरं दुकान आहे, पण मलकापूरला, 120 चौरस फुटांचं. स्वतःचं भाडं स्वतः भरतं.

आजचं काम

आज रात्री वही उघडा. तुमचा प्रत्येक काउंटर, प्रत्येक प्रॉडक्ट, प्रत्येक शाखा घ्या आणि समोर एकच गोष्ट लिहा: याचे पैसे शेवटी कोणाच्या खिशातून येतात? उत्तर 'गिऱ्हाइकाच्या' असेल तर गर्दी कमी असली तरी घाबरू नका. उत्तर 'माझ्याच दुसऱ्या गल्ल्यातून', 'बायकोच्या सोन्यातून' किंवा 'वडिलांच्या एफडीतून' असेल, तर एक तारीख ठरवा. त्या तारखेपर्यंत ते स्वतःच्या पायावर उभं राहिलं नाही, तर एक पायरी खाली यायचं. आणि ती तारीख ज्याच्या खिशातून पैसे जातायत, त्या माणसाला आजच सांगा.

हिशोब कसा मांडायचा त्याचा नमुना पुढच्या व्हिडिओत दाखवतो. वही तयार ठेवा. भेटू.