कोळ्याचें घर कोणासाठीं?

गेल्या पावसाळ्यांत आमच्या आठवीच्या वर्गांतील एक विद्यार्थी एके सकाळीं लोणच्याची काचेची बरणी छातीशीं धरून शाळेंत आला. रात्रीच्या मुसळधार पावसानें त्याच्या घराजवळची दरड ढासळली होती, आणि तिच्या मातींतून बाहेर पडलेला तळहाताएवढा केसाळ कोळी त्यानें मोठ्या धैर्यानें त्या बरणींत घेतला होता. वर्गांत एकच गलबला उडाला. कित्येक मुलें बाकांवर चढलीं. मी मात्र हर्षभरित झालों. पुस्तकांतील चित्रापेक्षां जिवंत प्राणी बरा, असा विचार करून मीं झाकणास चार भोंकें पाडविलीं, आंत थोडा कापूस व कांहीं हिरवीं पानें घातलीं, आणि सर्वांना नीट दिसावी म्हणून ती बरणी पूर्वेच्या खिडकींत ठेविली. तीन दिवस मधल्या सुटींत तिच्याभोंवतीं मुलांचा गराडा असे. चवथ्या दिवशीं पावसानें उघडीप दिली, कडक ऊन पडलें, आणि दुसऱ्या तासास पाहतों तों कोळ्याचे आठही पाय पोटाखालीं आंखडून गेलेले! तो मेला होता. त्या मुलानें मला विचारलें, "सर, त्याला भूक लागली होती का?" मजजवळ उत्तर नव्हतें. तें शोधण्यासाठीं मीं पुढें जें वाचलें व ज्याचा विचार केला, तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडणें मला माझें कर्तव्य वाटतें.

भूक हें त्याच्या मृत्यूचें कारण खास नव्हतें. हे मोठे कोळी कित्येक आठवडे, प्रसंगीं कित्येक महिने, अन्नावांचून राहूं शकतात. तो मेला उन्हानें व तहानेनें; आणि खरें सांगावयाचें तर माझ्या अज्ञानानें. बरणी मीं पाहणाऱ्यांच्या सोयीनें ठेविली. आंत राहणाऱ्याच्या सोयीचा विचार माझ्या मनांत आलाच नाहीं. ह्या एका वाक्यांत माझा सर्व अपराध येतो, आणि ह्या लेखाचा सर्व आशयही येतो.

प्रथम हा प्राणी कोण, तें पाहूं. इंग्रजींत ह्यास टॅरंटुला म्हणतात. हें नांव इटलींतील टारँटो ह्या शहरावरून पडलें. परंतु गंमत अशी कीं, तेथील मूळचा टॅरंटुला हा निराळ्याच कुळांतला कोळी आहे, आणि युरोपीय लोकांनीं अमेरिकेंतील केसाळ कोळी पाहिल्यावर तेंच नांव त्यांस चिकटविलें. आपल्या सह्याद्रींतही ह्या कुळांतील कोळी आहेत. कायलोब्राकिस फिम्ब्रिएटस नांवाचा कोळी जमिनींत व दरडींत बीळ करून राहतो. पोसिलोथेरिया रेगॅलिस नांवाचा कोळी झाडांच्या ढोलींत राहतो. कोळी हा कीटक नव्हे. कीटकास सहा पाय असतात, कोळ्यास आठ. ह्या कुळांतील कोळ्यांस डोळेही आठच असतात, पण दृष्टि मंद असते. जमिनीचा व रेशमी धाग्यांचा बारीकसा कंप पायांवरील केसांनीं ओळखून तो आपलें भक्ष्य जाणतो. त्याच्या पायांची रचना तर फारच चमत्कारिक आहे. पाय आंत ओढण्यास त्यास स्नायू आहेत, परंतु मुख्य सांधे उघडून पाय लांब करण्यास मात्र नाहींत. तें काम शरीरांतील द्रवाच्या दाबानें होतें. शरीरांतील पाणी आटलें कीं हा दाब नाहींसा होतो व पाय आंत वळतात. आमच्या बरणींत हेंच घडलें होतें.

आतां जो कोणी असा कोळी पाळूं इच्छितो, त्यानें त्याचें घर कसें करावें? माझें मत असें आहे कीं, घराचें माप कोळ्यापासून घ्यावें, आपल्या डोळ्यापासून घेऊं नये. जमिनीवर राहणाऱ्या कोळ्यासाठीं पेटीची लांबी त्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या सुमारें तिप्पट व रुंदी दुप्पट असावी, असा अनुभवी लोकांचा ठोकताळा आहे. पसारा १५ सेंटिमीटर असेल तर ४५ सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद पेटी पुरते. मोठी व उंच पेटी म्हणजे अधिक दया, असें आपणांस वाटतें. पण तें खरें नाहीं. हा जड पोटाचा प्राणी काचेवर चढतो, आणि वरून पडला तर त्याचें पोट फुटून तो मरतो. म्हणून मातीपासून झाकणापर्यंतचें अंतर त्याच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून अधिक असूं नये. झाडावर राहणाऱ्या जातीचें मात्र ह्याच्या उलट. तिला उभी, उंच पेटी व चढावयास उभें ठेवलेलें सालीचें पोकळ लांकूड लागतें. बीळ करणाऱ्या जातीस लांबीरुंदीपेक्षां खोली अधिक हवी. हात पोंचेल तेथपर्यंत दाबून भरलेली माती मिळाली तरच ती स्वस्थ राहते. यावरून दिसेल कीं, जात कोणती हें कळल्यावांचून पेटी करणें म्हणजे पाय न मोजतां जोडा शिवणें होय.

पेटीच्या तळाशीं काय घालावें? आपल्या कोंकणपट्टींत विपुल मिळणारा काथ्याचा भुसा ह्या कामीं उत्तम. तो ओलसर राहतो, कुजत नाहीं, आणि कोळ्यास उकरतां येतो. त्यांत स्वच्छ माती मिसळली तर बीळ ढासळत नाहीं. देवदाराचा किंवा चिडाचा भुसा मात्र घालूं नये, कारण त्यांतील तेलें कोळ्यास घातक होतात. लपावयास एक अर्धी करवंटी किंवा फुटक्या मडक्याचें खापर पुरे. पाण्यासाठीं एक उथळ ताटली ठेवून तींतील पाणी रोज बदलावें. झाकण घट्ट बसणारें असावें, कारण हा प्राणी बळकट आहे. आणि हवा खेळण्यासाठीं पेटीच्या समोरासमोरच्या बाजूंस बारीक भोंकें असावींत. तारेची जाळी घालूं नये. तींत त्याची नखें अडकून पाय तुटतात. पेटी उन्हांत ठेवूं नये, हें मीं एक जीव देऊन शिकलों आहें. ज्या खोलींत आपण उकाड्यानें त्रासत नाहीं व थंडीनें कुडकुडत नाहीं, तीच बहुतेक जातींस मानवते. त्या खोलींत डासांची अगरबत्ती लावूं नये व कीटकनाशक फवारूं नये. जें विष झुरळास मारतें तें कोळ्यास कसें सोडील?

एका पेटींत एकच कोळी ठेवावा. दोन ठेवले तर बहुधा एकच उरतो. रातकिडे किंवा झुरळें हें त्याचें अन्न; पण औषध फवारलेल्या शेतांतून तें आणूं नये. न खाल्लेला किडा दुसऱ्या दिवशीं काढून टाकावा. ह्याचें कारण मोठें आहे. कोळी वाढतांना कात टाकतो, आणि त्या वेळीं तो बहुधा पाठीवर उताणा पडतो. अनभिज्ञ मनुष्य त्यास मेला समजून फेंकून देतो. कात टाकल्यावर कांहीं दिवस त्याचें अंग व दांत इतके कोंवळे असतात कीं, आदल्या दिवशीं जो रातकिडा त्याचें भक्ष्य होता, तोच त्यास कुरतडून खाऊं शकतो. अशा वेळीं त्यास हात न लावणें हीच त्याची शुश्रूषा.

इतकें सर्व यथासांग केल्यावर काय दिसेल? बहुतेक दिवस कांहींच दिसणार नाहीं! घर मनासारखें झालें कीं कोळी बिळांत जाऊन बसतो, रात्रीं दारापर्यंत येतो, आणि दिवा लावतांच मागें सरतो. आमच्या बरणींत तो तीन दिवस सर्वांस दिसत होता, आणि आम्ही त्यावरून तो आमच्यांत रमला असें समजत होतों. वस्तुतः त्यास लपावयास जागा नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून माझें स्पष्ट म्हणणें असें कीं, ज्यास रिकाम्या दिसणाऱ्या पेटीकडे पाहून समाधान मानतां येत नाहीं, त्यानें कोळी पाळण्याच्या भरीस पडूं नये.

कोणी म्हणेल, बिळांत बसून राहणें हें कसलें जीवन? ह्यास उत्तर म्हणून ऑस्ट्रेलियांतील एक गोष्ट सांगतों. पश्चिम ऑस्ट्रेलियांतील एका राखीव रानांत बार्बरा यॉर्क मेन ह्या विदुषीनें १९७४ सालीं, बिळास झाकण करणाऱ्या कोळ्यांचा अभ्यास आरंभिला व प्रत्येक बिळास क्रमांक दिला. ते कोळी टॅरंटुलाचे दूरचे आप्तच होत. त्यांतील १६ व्या क्रमांकाची मादी २०१६ पर्यंत, म्हणजे ४३ वर्षांची होईपर्यंत, जगली. आणि तें सारें आयुष्य तिनें आपल्या एकाच बिळांत काढलें. शेवटीं तिच्या मृत्यूस कारण झाली ती एक गांधीलमाशी. तिला कोणी पेटींत घातलें नाहीं, आणि म्हणूनच इतक्या वर्षांचें ज्ञान आपणांस मिळालें. ज्ञान मिळविण्यास प्राणी घरीं आणलाच पाहिजे, असें नाहीं.

पालकांस ह्याच्या विषाची भीति वाटते, व ती अगदींच निराधार नाहीं. अमेरिकेंतील पुष्कळ जाति पोटावरील बारीक केस झाडतात. ते कातडीस व डोळ्यांस फार झोंबतात. आपल्या देशांतील जातींस असे केस नाहींत, पण त्यांचा दंश अधिक दुःखद असतो, आणि पोसिलोथेरियाच्या दंशानें स्नायूंत गोळे येतात. म्हणून त्यास हातावर घेऊन मिरवणें हें धैर्य नव्हे. त्यांत मुलास अपाय, आणि हातांतून पडल्यास कोळ्यास मरण. परंतु पालकांनीं विषाहूनही एका गोष्टीचा अधिक विचार करावा, ती म्हणजे काळ. ह्यांच्या कित्येक जातींच्या माद्या वीस वर्षें व त्याहूनही अधिक जगतात. आठवींतील मुलानें आज आणलेली मादी तो चौतिशींत येईपर्यंत घरांत असूं शकेल. मुलगा शिक्षणासाठीं परगांवीं गेला कीं तिला पाणी कोण घालणार? ह्या प्रश्नाचें उत्तर आईनें द्यावयाचें, असें प्रत्येक घरीं ठरलेलेंच असतें. तेव्हां तिला आधीं विचारलेलें बरें.

आतां मुख्य प्रश्न. रानांतला कोळी आणावा का? माझें उत्तर नकारार्थी आहे. आंध्र प्रदेशांतील गुत्ती येथें रेल्वेच्या लांकडाच्या वखारींत सांपडलेल्या एका सुंदर निळ्या कोळ्याचें वर्णन १८९९ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें शंभर वर्षें तो कोणास दिसला नाहीं. २००१ सालीं तो नंद्याल व गिद्दलूर यांच्या मधील अरण्यांत पुन्हां आढळला. आणि आतां त्याची गणना समूळ नष्ट होण्याच्या काठावर असलेल्या प्राण्यांत होते. अरण्यतोड हें ह्याचें एक कारण, आणि निळ्या रंगाच्या मोहानें परदेशीं चालणारा व्यापार हें दुसरें. ह्याच पोसिलोथेरिया गणाच्या सर्व जातींच्या व्यापारावर २०१९ सालीं आंतरराष्ट्रीय करारानें निर्बंध आले. आणि आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत २०२२ सालीं जी सुधारणा झाली, तिनें अशा यादींतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीचें बंधन घातलें. कायदा आहे म्हणून नव्हे, तर बिळांतून काढलेल्या कोळ्यास तितकेंच चांगलें बीळ आपण देऊं शकत नाहीं, म्हणून त्यास तेथेंच राहूं द्यावें. बंदिवासांत जन्मलेला व कागदपत्रांनीं निर्दोष असा कोळी एखाद्या प्रौढ, स्थिर मनुष्यानें वर सांगितलेल्या रीतीनें पाळला, तर माझी हरकत नाहीं. शाळकरी मुलाच्या हौसेस मात्र दुसरी वाट आहे.

ती वाट आम्हीं धरली आहे. पावसाळा सरल्यावर तोच विद्यार्थी, त्याचे वडील व मी असे तिघे एका संध्याकाळीं विजेरी घेऊन त्या दरडीपाशीं गेलों. जवळजवळ अर्धा तास कांहींच दिसलें नाहीं. मग एका भोंकाच्या तोंडाशीं रेशमाचें पांढुरकें अस्तर दिसलें, आणि त्यावर हळूच टेकलेले दोन केसाळ पाय. आम्ही श्वास रोखून उभे होतों. वडिलांचा पाय एका वाळक्या पानावर पडला मात्र, ते पाय नाहींसे झाले! मुलानें वहींत तारीख, वेळ व जागा लिहिली. त्यानंतर तो वडिलांसह पुष्कळदां तेथें गेला आहे, आणि कोळी न दिसलेल्या रात्रींचीही तो नोंद ठेवतो.

ती बरणी अजून विज्ञानाच्या कपाटांत आहे. मीं ती मुद्दाम रिकामी ठेविली आहे. नवीन मुलें विचारतात, "सर, हींत काय होतें?" तेव्हां मीं काय केलें तें मी त्यांना सांगतों.